न्हाणीखालचा डबा

वयनी, तुला घरी आणलं तेव्हा तुझे केस ओले होते. ओटीवर चटई टाकून तुला ठेवलं आणि सुटलेल्या अंबाड्यातून पाणी पाझरून चटईवर हाताएवढा डाग पडला. जमलेल्या सगळ्या बायकांनी तो बघितला. डॉक्टर हृदयाचा झटका म्हणाला, तेवढ्यावर पुरुषांचं भागलं. बायकांचं कुठून भागणार? बुधवारी बोटीवर पाहुणे नाहीत, काम नाही, मग ही एकटी तिकडं गेलीच कशाला? आणि डोक्यावरून न्हाली कशाला? सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप नाही, ती मी पदराने तो डाग टिपत बसले. केस ओले म्हणजे तू डबा उघडला होतास. त्या घोळक्यात हे मला एकटीलाच कळलं होतं.

आज सोळावा दिवस. शाळेची जुनी वही घेऊन बसलेय. बोलायला गेले की सासूबाई रडतात, भावजी उठून बाहेर जातात, आणि मला तर तुझ्याशीच बोलायचंय. दुसऱ्या कोणाशी बोलून उपयोग नाही, कारण जे झालं ते तुझ्या माझ्यात झालं.

मी तुझी धाकटी जाऊ. माझे हे तुला वयनी म्हणायचे म्हणून मीही वयनी म्हणत आले आणि पहिल्या दिवसापासून अगंतुगं करत आले. सासूबाईंना ते कधी खपलं नाही. "मोठी हाय ती, अहोजाहो कर." तू म्हणायचीस, "राहूदे गो आय, भांडायला सोपं पडतं." आणि भांडलो की आपण! दोघींचे नवरे उरणला ट्रेलरवर, पंधरा पंधरा दिवस घराचं तोंड बघत नाहीत, मग आपण दोघी भांडणार तरी कोणाशी? तू मला कधी माहेरची आठवण काढू दिली नाहीस. माझं काशीद इथून एसटीने तासाभरावर, तरी तिकडं गेले की दुसऱ्या दिवशी तुझा फोन. "येतेस का मी येऊ फरफटत आणायला?"

शेठची बोट आगरदांड्याच्या खाडीत आली तेव्हा आपल्याला वाटलं, असेल कोणाची तरी हौस. मुंबईचा माणूस, आत दोन खोल्या, मऊ गाद्या, चकचकीत न्हाणी. शनिवार-रविवार पाहुणे यायचे, मुरूड काशीदपर्यंत फिरायचे, बोटीतच राहायचे. बोट चालवायला तांडेल म्हणून रहीमचाचा. तोच आपल्या दारात आला होता, चादरी धुवायला नि भांडी घासायला बायका हव्यात म्हणून. सासूबाई नको म्हणाल्या. तू पायात चपला घालून उभी. चार दिवसांनी मलाही ओढलंस. "ये गो, समोरून दिघीची फेरीबोट जाते-येते ती तरी बघत बसशील. घरात भिंतीच बघतेस."

चादरी आणि भांडी राहिली बाजूला. तुझा जीव अडकला तो न्हाणीत. आपल्या घरच्या न्हाणीचं पाणी उताराने परसात जातं, केळीला मिळतं, त्यात काय शिकायचं? बोटीत तसं नाही. तिथं न्हाणीची जमीनच खाडीच्या पाण्याहून खाली. अंघोळीचं पाणी आपणहून बाहेर जाणार कुठून? ते जमिनीच्या फळीखाली एका डब्यात उतरतं. डबा पावाच्या लादीएवढा. त्यात एक जाळी, केस अडवायला. जाळीपलीकडे फ्लोट, पाण्यावर तरंगणारा. पाणी वर आलं की तो वर येतो नि पंप चालू होतो, पंप पाणी पाइपातून चढवून खाडीत फेकतो. पाणी संपलं की फ्लोट खाली, पंप बंद. आणि पाइपात एक झडप, चढलेलं पाणी परत खाली येऊ नये म्हणून. हे मला तू शिकवलंस. तुला मात्र कोणी शिकवलं नाही. उरणहून एक मेकॅनिक यायचा. पहिल्या खेपेला तू त्याला चहा दिलास नि तिथंच दारात उकिडवी बसलीस. दुसऱ्या खेपेला बॅटरी धरून उजेड पाडलास. तिसऱ्या खेपेला तो पंप खोलून बसला होता, घामाघूम, आणि तू मागून म्हणालीस, "पंपाला काय झालंय? फ्लोटला साबणाचा लगदा चिकटलाय, तो खाली बसत न्हाय." त्याने नखाने खरवडलं, फ्लोट टुपकन खाली बसला. चौथ्या खेपेला त्याला बोलवायची वेळच आली नाही. रहीमचाचा शेठला फोनवर सांगत होता, "मेकॅनिक मिला है साब, घर का है." आणि तू लाजून खाडीकडे तोंड करून उभी राहिलीस. तुला लाजताना मी दोनदाच बघितलं, त्यातलं हे एक.

आणि त्या डब्यापायी मी किती शिव्या खाल्ल्या तुझ्या. आठवड्याला एकदा, सोमवारी, डबा उघडून जाळी साफ करायची. एक सोमवार तुझा, एक माझा. पाहुण्यांचे केस, त्यावर साबणाची साय, सगळा मिळून एक राखाडी गोळा. त्याचा वास हाताला बसला की लिंबू घासा, राख घासा, दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. मला भडभडून यायचं. मासे साफ करेन, गुरांचं शेण काढेन, पण परक्याचे केस? आईगं. आणि तू तो गोळा बोटांनी उकलून बघायचीस. "ही बग, रंगवलेली. हिचं आता गळायला लागलेत, काळजी हाय कसली तरी. आणि हा बाप्याचा, टकला व्हनार दोन वर्षांत." मी तोंडाला पदर लावून बाहेर. तू पाठीमागून हसतेयस. "आपल्या पण डोक्यावर हायेत गो तेच!"

शेठच्या न्हाणीतलं कोणाचं काय तू कधी बाहेर बोलली नाहीस, एवढं मात्र खरं. गावात बायका खोदून विचारायच्या, कोण येतं, कोणाबरोबर येतं. तू म्हणायचीस, "चादरी पांढऱ्या हायेत, धुवाय तरास व्हतो." झालं. पुढं एक अक्षर नाही. मला एवढं जमलं नसतं. मी आत जास्त वेळ थांबले असते, तर गावाला महिनाभर पुरेल एवढं सांगितलं असतं.

डब्याच्या झाकणाची एक क्लिप तुटली तेव्हा तू जाळ्याच्या नायलॉनचा पांढरा धागा घेऊन झाकण बांधलंस. तीच मग पद्धत झाली. साफ केलं की जुना धागा कापायचा, नवा बांधायचा. आठवड्याभरात धागा काळा पडतो, म्हणून पांढरा दिसला म्हणजे काम झालंय. रहीमचाचा फळी उचलून फक्त धागा बघायचा नि मान डोलवायचा. गाठीवरून आपली भांडणं झाली ती वेगळीच. तू निरगाठ मारायचीस, घट्ट, कापल्याशिवाय सुटायची नाही. मी सुरगाठ मारायचे, परकराच्या नाडीसारखी, ओढली की सुटली. "हलत्या बोटीत सुरगाठ टिकते व्हय?" "आणि तुझी निरगाठ सोडवताना माझी नखं तुटतात त्याचं?" "धागा कापायचाच हाय ना, नखं कशाला लावतेस?" असं. तीन वर्षं हेच. शिवाय तू डावखुरी. घरात सासूबाईंनी मारून मुटकून तुझा उजवा हात चालू केला, वाढायला, पूजेला, नमस्काराला. बोटीवर मात्र सगळं डाव्याने. "हितं माझा हात मोकळा सुटतो," म्हणायचीस.

आणि तुझी ती चोरटी अंघोळ! डबा साफ केला की पाणी सोडून बघायला लागतं, फ्लोट उचलतो का, पंप थांबतो का. मी एक बादली ओतायचे नि मोकळी व्हायचे. तू आतून कडी लावायचीस आणि शेठच्या गरम फवाऱ्याखाली डोक्यावरून न्हायचीस, शिकेकाई बरोबर घेऊन. बाहेर आलीस की चेहरा सोळा वर्षांच्या पोरीसारखा. "टेस्ट केली," म्हणायचीस, केस पिळत. "एकदा घे गो तू पण, वनिते. घरात कोण आपल्या डोक्यावर एवढं पाणी ओततं?" मी म्हणायचे, "जिथं शंभर जण न्हातात तिथं मी? छी." हे आपलं गुपित होतं, भावजींनासुद्धा ठाऊक नव्हतं. म्हणून तर चटईवरच्या पाण्याचा अर्थ मला लागला.

आता ते लिहिते, जे लिहायला ही वही उघडली.

तो सोमवार माझा होता. फळी उचलली. वास आला. मला त्या दिवशी सकाळपासूनच मळमळत होतं, पण ते निमित्त झालं, खरं सांगायचं तर आधीही दोनदा मी हेच केलं होतं. झाकण उघडलंच नाही. जुना धागा कापला, नवा पांढरा बांधला, सुरगाठ, फळी बसवली, वर एक बादली पाणी ओतून पंपाचा आवाज ऐकला नि घरी. रहीमचाचाने धागा बघून मान डोलवली. तिसऱ्यांदा मी ते केलं आणि तिसऱ्यांदा मला काही वाटलं नाही, हे जास्त वाईट.

मंगळवारी तू चादरी आणायला बोटीवर गेलीस आणि आलीस ती कपाळाला आठ्या घालूनच. मी भाकऱ्या थापत होते. "पंपाचा आवाज जड येतोय," म्हणालीस. "डबा उघडलास ना काल?" मी म्हटलं उघडला. "नक्की?" आणि तिथं माझं डोकं फिरलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसल्या मी मारल्या. म्हटलं, तुझा तो फ्लोटच काढून टाका, पाहुण्यांना बटण द्या हातात, अंघोळ झाली की दाबतील, पंप चालेल. हे आपलं जुनंच भांडण. तू म्हणालीस, "मानूस इसरतो. फ्लोट इसरत न्हाय." मी म्हटलं, मग माझ्यावर विश्वास नाही तर फ्लोटलाच जाऊ करून घे. तू हसली नाहीस. परत विचारलंस, "वनिते, उघडलास ना?" आणि मी पिठाच्या हाताने तुझा गळा चिमटीत धरला, पोरी धरतात तसा, नि म्हटलं, "उघडला, तुझ्या गळ्याशपथ!"

तुझ्या गळ्यावर पिठाची दोन बोटं उमटली. तू माझा हात धरलास, बघू गो बांगडी पिचलीय वाटतं, म्हणून चेहऱ्याजवळ नेलास, सोडलास. बांगडी पिचली नव्हती. तू वास घेत होतीस हे मला त्या वेळी कळलं नाही. सोमवारी डबा उघडलेला हात मंगळवारीसुद्धा थोडा वास मारतोच. माझ्या हाताला तांदळाच्या पिठाशिवाय कसलाच वास नव्हता.

बुधवारी सकाळी मला न सांगता गेलीस. दुपारी रहीमचाचा डिझेल भरायला बोटीवर चढला तर तू न्हाणीच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली. तो म्हणतो, मला वाटलं दमून डोळा लागलाय.

तेरा दिवस सुतकात घराबाहेर पडले नाही, आणि वयनी, त्या तेरा दिवसांत मी जे काढलं ते वैऱ्यानेही काढू नये. आपल्यात खोटी शपथ ज्याच्यावर घेतात त्याला भोवते. आई मला लहानपणी सांगायची, म्हणून आम्ही पोरी शपथ घातली की लगेच "सुटली म्हण, सुटली म्हण" करून मागे लागायचो. समोरची सुटली म्हणाली की जीव भांड्यात. मी तुझा गळा धरून खोटं बोलले आणि दुसऱ्या दिवशी तू गेलीस. शिकलेली आहे मी, बारावी. झटका म्हणजे काय ते मला कळतं. पण पहाटे चुलीपाशी बसले की समोर तुझा गळाच दिसायचा, पिठाच्या बोटांसकट. तू त्या फळीशी वाकून डबा उघडलास, आत दोन आठवड्यांचा गोळा बघितलास, आणि तुला कळलं की वनिता खोटारडी. हे मनात घेऊन तू गेलीस. मला सुटली म्हणायला कोणी राहिलंच नाही. पिठाला हात लावला की मधेच उठून जायचे. सासूबाईंना वाटायचं, दुःख आहे. त्या मला जवळ घ्यायच्या, ते तर अजून सोसवायचं नाही.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी रहीमचाचा आला, ओटीवर बसला, पाणी प्यायला, आणि भावजी आत गेल्यावर हळूच म्हणाला, "वनिता, बोट तशीच हाय, कोन चढला न्हाय. पन पंप चालू व्हतो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आपनहून. न्हानीतला. घंट्या-दीड घंट्यानं घर्र करतो, थांबतो. कोन न्हातंय तिकडं? मी दुआ पढून आलो, तरी चालू." त्याने कानाच्या पाळीला हात लावला. समुद्रावर साठ वर्षं काढलेला माणूस, घाबरला होता. "शेठला काय सांगू? म्हनलं, तू बगतेस का. तुझी जाऊ हाय, तुला काय करनार न्हाय."

मला काय करणार नाही! अरे चाचा, करायचं झालं तर मलाच करेल की. पण त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. लख्ख ऊन, खाडीत भरती, दिघीची फेरी नेहमीसारखी भोंगा वाजवत येत होती. चाचा धक्क्यावरच थांबला. मी आत उतरले. तुझा कंगवा खिळ्याला होता. शिकेकाईची पुडी अर्धी, तोंड मुडपून ठेवलेली. आतली हवा कोंदटलेली, तोच वास. मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले, जिथं तू बसली होतीस तिथंच, आणि वाट बघत राहिले. किती वेळ ते नाही सांगता येणार. मग पायाखालून घर्र आलं. पाइपात पाणी चढल्याचा आवाज, गुळगुळ, आणि बंद. वयनी, मी ओरडले. "मी न्हाय उघडला गो, मी न्हाय उघडला!" एवढ्या जोराने की चाचाने वरून हाक मारली. तेरा दिवस जे घरात कोणासमोर निघालं नाही ते त्या रिकाम्या न्हाणीत निघालं. रडले, नाक पुसलं, आणि फळी उचलली.

धागा पांढरा होता. आणि सुरगाठ.

आधी वाटलं, माझीच. म्हणजे तू उघडलाच नाहीस, नुसती न्हालीस, टेकलीस नि गेलीस. एक क्षणभर, काय सांगू तुला, मला हायसं वाटलं. शरम वाटते लिहायला, पण वाटलं. मग नीट बघितलं. माझ्या सुरगाठीचा फासा उजव्या अंगाला येतो. हा डाव्या अंगाला होता. दोन्ही टोकं कमीजास्त, ओढून ओढून सारखी करायचा प्रयत्न केलेली. जन्मात कधी सुरगाठ न मारलेल्या बाईने, डाव्या हाताने, माझी गाठ मारली होती.

तू डबा उघडलास, साफ केलास, आणि पुन्हा बांधताना तुझी निरगाठ नाही मारलीस. चाचाने फळी उचलली तर त्याला वनिताचा सोमवार दिसावा. मी तुझ्या गळ्यावर हात ठेवून जे बोलले ते खरं करून ठेवलंस. आणि घरी येऊन मला काही म्हणणार नव्हतीस, हो ना? चादरी पांढऱ्या हायेत म्हणून विषय संपवला असतास. आधीच्या दोन वेळीसुद्धा? त्या दोन वेळीही माझ्यामागून तूच गेली होतीस का? आता कोणाला विचारू? तिन्ही वेळा मला वाटत होतं मी तुला फसवतेय.

राग आला तुझा. खरंच सांगते, असा राग आला की तू समोर असतीस तर हाताला धरून हलवलं असतं. एक कानफटात द्यायची होतीस ना मंगळवारीच! पिठाचे हात धरून न्यायचं होतंस बोटीवर, "चल, उघड माझ्यासमोर." छातीत दुखत होतं का तुला? सकाळपासून दुखत होतं? आणि तरी गेलीस, जावेची शपथ खरी करायला? की काही दुखत नव्हतं, छान गरम पाण्याने न्हालीस, शिकेकाई लावलीस, दाराशी केस पिळायला बसलीस आणि झालं? मला हे दुसरंच हवंय. मी रोज स्वतःला हेच सांगते. पण मला माहीत नाही, आणि आता मरेपर्यंत माहीत होणार नाही.

धागा कापवला नाही. सुरगाठच ती, ओढली, सुटली. झाकण काढलं. जाळी स्वच्छ होती, इतकी की तारा चमकत होत्या. आणि त्या तारांना अडकलेले सात-आठ केस. लांब, अर्धे पांढरे, अर्धे मेंदीने लाल झालेले. बोटीवर मेंदी लावणारं दुसरं कोणी नाही. मी हातमोजे आणले होते. ते घातले नाहीत. एक एक केस बोटांनी उचलला. भडभडलं नाही.

मग तू शिकवल्यासारखं बघत गेले. फ्लोट मोकळा, वायर कोरडी, पंप ठीक. मग पाणी येतं कुठून? पाइप सोडवला तर झडपेत बोटभर कचरा, झडप मिटतच नव्हती. आलं लक्षात? पंप पाणी वर चढवत होता, पण सगळं बाहेर पडायच्या आत तो थांबे, आणि पाइपातलं पाणी हळूहळू परत डब्यात उतरे. डबा भरला की फ्लोट उठे, पंप पुन्हा तेच पाणी वर ढकले. छपरावरच्या सोलरमुळे बॅटरी उतरत नव्हती, म्हणून चाललं होतं रातंदिन. तुझ्यानंतर तिथं कोणी न्हालेलं नव्हतं. म्हणजे ते तुझंच पाणी होतं, वयनी. तुझ्या अंघोळीचं, तुझ्या शिकेकाईचं, बुधवारपासून ते वर जात होतं नि परत येत होतं. चाचाला मी एवढंच सांगितलं, झडप गेलीय. तो म्हणाला, "अल्ला का शुकर." मला मात्र त्यात काही सुटल्यासारखं वाटलं नाही. कारण सापडलं तरी अंगावरचा काटा जात नाही, कारण ते पाणी तुझंच होतं ना.

फ्लोटचं भांडण तू जिंकलीस, कबूल. माझं बटण असतं तर पंप आपणहून चालू झाला नसता, चाचा दारात आला नसता, आणि दुसऱ्या कोणीतरी पुढच्या सोमवारी धागा कापून फेकून दिला असता. गाठ कोणाची ते बघणारी मी तिथं नसतेच.

पाइप नि डबा बादलीत रिकामा केला. अर्धी बादली पाणी, गढूळ, वास मारणारं. तुझी राख पुरुषांनी खाडीत सोडली, आम्हा बायकांना उंबऱ्यापर्यंतच पाठवलं होतं. ही बादली मी एकटीने उचलली, बोटीच्या मागच्या बाजूला गेले, तुझे केस त्यात सोडले आणि हळूहळू ओतली. ओहोटी लागली होती. पाण्यावर जरासा फेस तरंगला, फेरीची लाट आली, गेला. चाचा धक्क्यावर पाठ करून उभा राहिला होता. त्याला काय कळलं, कोण जाणे.

झडप धुतली, बसवली, क्लिपा आवळल्या. आता पाणी सोडून बघायला हवं. बादली हातात घेतली आणि ठेवून दिली. आतून कडी लावली. गरम पाण्याचा नळ सोडला आणि उरलेली शिकेकाई घेऊन डोक्यावरून न्हाले. तू बरोबर म्हणायचीस. एवढं पाणी आपल्या डोक्यावर कोणी ओतलेलं नाही, ना तुझ्या ना माझ्या. मी खूप वेळ उभी राहिले. पायाखाली पंप चालू झाला, पाणी चढलं, बाहेर पडलं, पंप थांबला. कडेला बसून केस पिळले नि ऐकत राहिले. पुन्हा चालू झाला नाही. तास झाला, दीड झाला. एवढी घाबरले होते त्या आवाजाला, आणि आता तो येईना तेव्हा परत रडू आलं, कारण आता बोटीवर कोणीच नव्हतं.

माझ्या त्या सोमवारानंतरचा सोमवार तुझा होता, वयनी. तो तसाच राहून गेला. म्हणून नवा धागा घेतला, डाव्या हाताने, तीनदा चुकले, आणि निरगाठ मारली. घट्ट बसलीय. कापल्याशिवाय सुटणार नाही.

डबा उघडलाय, साफ केलाय, स्वतःच्या हातांनी. तुझ्या गळ्याशपथ.